तुळसा हिस, आजीकडून

पुणे,
६ जुलै २०२५

प्रिय प्राजू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी मागे वळून बघितलं असशील, पोस्टात कोण उभं आहे ते. मिठबावात येणारं प्रत्येक पत्र आधी तुझ्या हाताखालून जातं, म्हणूनच तर लिहितोय. तसाही माझ्याकडे फोन नाही. मार्चमध्ये घर सोडलं त्या सकाळी बाबांचा तिसरा फोन आला तेव्हा खाडीच्या पुलावरून खाली भिरकावला. नंतर एकदा दुसऱ्याच्या फोनवरून आईला कळवलं, बरा आहे, शोधू नका. बस.

गावात काय काय सांगतात देव जाणे, खरं ते ऐक. कोल्हापूरला सरांनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, कोकणातून येताना आंबे आणता तसं थोडं डोकंही आणत चला. मी बाक उलटा केला. माफी माग म्हणाले, मागितली नाही. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं. घरी आलो तर बाबा म्हणाले, ह्या घरातला एक पैसा आता तुझ्या नावाचा नाही. मी म्हटलं, बघतोच. आणि निघालो. तुला सांगायला पोस्टाच्या दारापर्यंत आलो होतो, पण खिडकीवर गर्दी होती.

इथे एका कंपनीत लागलोय. स्टोअरचं काम आहे, बरं चाललंय.

सोबत एक वस्तू आहे. रविवार पेठेच्या मागच्या एका बोळात एक म्हातारा रबरी शिक्के कोरतो. त्याच्याकडे एक खण आहे, लोक बनवायला सांगून गेले आणि न्यायला आलेच नाहीत अशा शिक्क्यांचा. मोडलेल्या मंडळांचे, कधी न निघालेल्या दुकानांचे. त्यात हा खंड्या सापडला. कुणा बाईंनी मुलांच्या वह्यांवर मारायला सांगितला होता. आपल्या ओढ्यावरच्या साकवावर बसायचा तसाच आहे की नाही बघ, चोच जरा वर.

घरी काही सांगू नकोस.

तुझा,
विनीत

*

मिठबाव,
१५ जुलै २०२५

विनीत,

‘प्रिय’ लिहू नकोस. पत्र उघडं पडलं तर माझी नोकरी आणि बाबांची मान दोन्ही खाली जायला तो एक शब्द पुरे आहे. दहावीच्या मार्कांवर मिळालेली नोकरी आहे ही, कुणाच्या ओळखीवर नाही.

पोस्टात बसणाऱ्या मुलीला शिक्का पाठवलास. उद्या रापणकाराला बांगडे पाठवशील. पण खंड्या चांगला आहे. एकदा रद्दीच्या कागदावर उमटवून बघितला, मग कागद फाडला.

तुझी आई दर महिन्याच्या पाच तारखेला खात्याचं पुस्तक घेऊन येते. ‘सुगंधा’ अशी सही करायला तिला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ती खाली बघतच विचारते, “कोणाचा पत्रबित्र इला काय गो?” मी नाय म्हणते. परवापर्यंत ते खरं होतं. आता पुढच्या पाच तारखेला मला तुझ्या आईशी खोटं बोलावं लागेल. तिला दोन ओळी लिही.

बाकी सगळे बरे. बाबा तुमच्याच वाडीत असतात. तुझे आजोबा होते तेव्हापासून तुमचे नारळ पाडतायत, आता साठीला आले तरी माड दुसऱ्याला देत नाहीत. मे महिन्यात माळ्यावर चढून तुमची कौलंही परतली. तुझ्या खोलीवर तीन फुटली होती, ती बदलली. मला म्हणाले, “झील परत इलो तर गळाक नको.”

प्राजक्ता

*

पुणे,
३ ऑगस्ट २०२५

प्राजू,

‘प्रिय’ काढलंय. मनातून काढता येत नाही, त्याला मी काय करू.

आईला मी लिहिणार नाही. बाबा मला तसं बोलले तेव्हा ती चुलीकडे पाठ करून उभी होती, एक शब्द बोलली नाही. तिला घरातल्या भांड्यांपलीकडे काही दिसत नाही. जाऊ दे.

सोबत एक बटण आहे. हसू नकोस. इथे एक बाई फक्त बटणं विकतात, खोली म्हणजे नुसते खण. सगळ्यात खालच्या खणात एकेकटी बटणं आहेत, ज्यांची जोडीची हरवली ती. ती त्या अशीच देत नाहीत, आधी कुणासाठी विचारतात. मी म्हटलं, बायकोसाठी. माफ कर, तोंडातून गेलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हे शिंपल्याचं काढून दिलं. उन्हात धर, आपल्या खाडीचं पाणी दिसेल.

जेवणाच्या सुट्टीत मी असा हिंडतो. मोठ्या दुकानात काही नाही गं, सगळं एकसारखं. बोळातली ही वेडी माणसंच मला बरी वाटतात. प्रत्येक दुकानात शिरलो की पहिला विचार, ह्यातलं प्राजूला काय आवडेल.

तू काही लिहीत नाहीस तुझ्या मनातलं. एवढं तरी सांग, बटण आवडलं का.

विनीत

*

मिठबाव,
१० सप्टेंबर २०२५

विनीत,

उशीर झाला. चतुर्थी होती.

यंदा बाबा तुमच्याकडे आरतीला गेले नाहीत. पाय दुखतो. तुमच्याकडे मोठी समईही लावली नव्हती म्हणतात. मी गेले नाही, मला माहीत नाही.

ह्यापुढे काही पाठवू नकोस. मी रागाने म्हणत नाही. आमच्या घरात सध्या बाहेरची कोणतीही वस्तू येऊ नये, एवढंच. कारण विचारू नकोस, मी लिहिणार नाही.

बटण चांगलं आहे.

प्राजक्ता

*

पुणे,
२८ सप्टेंबर २०२५

प्राजू,

कारण विचारू नकोस म्हणतेस. मला कारण कळलं. घरात वस्तू येऊ नये म्हणजे घरात माणसं येतायत. बघायला. कोण आहे तो? कुडाळचा? की मुंबईत नोकरी आणि कणकवलीला फ्लॅट असला कुणी? महादूकाकांचा पाय दुखतो म्हणे. चहापोह्यांची तयारी करून दुखत असेल.

तीन रात्री झोप नाही. काल दुकानात एका गिऱ्हाइकावर ओरडलो.

तू नको म्हणालीस तरी पाठवतोय, कारण आता नाही पाठवलं तर कधीच नाही. इथे एक जुन्या वस्तूंचं दुकान आहे, पाटी नसलेलं. मालक जितेंद्रभाऊ, ओळखीचे झालेत. कुठकुठल्या घरांतली पितळ पोत्यांनी येते त्यांच्याकडे, काळीकुट्ट. एका गंगाळात डबा, त्या डब्यात दुसरा डबा, आणि त्यात हा करंडा. लिंबाएवढा. म्हणाले, घास आणि ने. चिंच लावून दोन दिवस घासला तेव्हा बुडाखाली ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली: ‘कु. तुळसा हिस, आजीकडून.’

मी किती वेळ बघत बसलो. कुठल्या गावची असेल ही तुळसा, केवढी असेल. आजीने नाव घालून दिलेला करंडा, आणि घरच्यांनी तो भंगाराच्या पोत्यात घातला. कसली माणसं असतील गं ती? लाज नावाची काही चीज असते की नाही?

करंडा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्यात कुंकू कधी भरायचं ते तू ठरव. पण तोवर दुसऱ्या कुणाला हो म्हणू नकोस.

विनीत

*

मिठबाव,
९ ऑक्टोबर २०२५

विनीत,

मला बघायला कुणी आलेलं नाही. मी लिहिणार नव्हते ते आता लिहिते.

चतुर्थीला तुझ्या घरचे माळ्यावरची पितळ काढायला गेले तर पोतं नव्हतं. समई, गंगाळ, परात, काहीच नाही. वर्षातून एकदाच खाली येणारी भांडी, कधी गेली कुणाला ठाऊक नाही. पण मे महिन्यात कौलं परतायला माळ्यावर कोण चढलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुझे बाबा आमच्या अंगणात, खळ्यात आले नाहीत. त्यांनी फक्त मंगेशकाकांना सांगितलं, आणि मंगेशकाकांनी गावाला.

बाबा दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ओल्या पंचानेच देवळात गेले आणि देवापुढे नारळ ठेवला. म्हणाले, “त्या घराची येक वस्तू जर माझ्या घरात आसात, तर माडावरसून माझो पाय सुटांदे.” तुला कळतंय ना काय बोलले? त्यानंतर महिनाभर ते रोज दुसऱ्यांचे माड चढले, गाव खाली उभं राहून बघायचं. मी बघत नव्हते. संध्याकाळी घरात कोयता टेकवल्याचा आवाज आला की श्वास सोडायची.

म्हणून म्हटलं होतं, काही पाठवू नकोस.

करंडा सहा तारखेला आला. पाच तारखेला रविवार होता, म्हणून तुझी आईही सहालाच आली. मी पार्सल उघडून करंडा हातात धरला होता, ती खिडकीशी कधी आली कळलं नाही. तिने हात पुढे केला, मी दिला. उलटा करून वाचला. बोटाने अक्षरं पुसली, परत वाचली. मग इतकंच म्हणाली, “माझा म्हायेरचा नाव तुळसा. तुका म्हायती नसतला.” करंडा माझ्या टेबलावर ठेवला आणि सही न करताच गेली.

तिच्या मागे रांगेत मंगेशकाका होते.

संध्याकाळी तुझे बाबा खळ्यात आले. “महादू, येक वस्तू गावली. आता बाकीची खंय ती सांग.” करंडा माझ्या पिशवीतच होता, मीच काढून दिला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले. तुझं नाव घेतलं असतं तर गाव म्हणालं असतं, महादूच्या चेडवान बागायतदाराच्या झिलाक चोरी करूक लावल्यान. नाही घेतलं तर चोर आम्हीच. तुझे बाबा जाताना म्हणाले, देवगडला मोठ्या पोस्टात कळवतो, चोरीचा माल टपालखात्यातल्या माणसाकडे सापडला म्हणून.

बाबांनी कोयता वाशांत खोचून ठेवलाय. माडावर जात नाहीत. वस्तू घरात आली ना. देवापुढे बोललेत.

माझ्याशीही बोलत नाहीत.

मला एकच सांग. हा करंडा तुझ्या हातात कुठून आला? परतीच्या टपालाने लिही. मी वाट बघते.

प्राजक्ता

*

पुणे,
१३ ऑक्टोबर २०२५

प्राजू,

पत्र वाचून अंगाची आग झाली. बाबांची ही हिंमत? महादूकाकांना चोर म्हणायची? आणि मंगेशकाकांचे तर दात पाडले पाहिजेत. मी तिथे असतो तर.

तू घाबरू नकोस. करंडा मी दुकानातून घेतला, जितेंद्रभाऊंची पावती सोबत जोडलीय. तारीख आहे, सही आहे. ही देवगडला दाखव, म्हणजे नोकरीचं मिटलं. कुणीतरी आमच्या घरातली पितळ भंगारवाल्याला दिली असेल, फिरत फिरत पुण्यात आली असेल. कुणी दिली ते कसं कळणार? चोर काय नाव कोरून ठेवतो?

मी लवकरच येतो आणि सगळ्यांना बघतो.

विनीत

*

मिठबाव,
१७ ऑक्टोबर २०२५

विनीत,

पावती परत पाठवतेय. तिने माझी नोकरी वाचेल. बाबा वाचणार नाहीत. तुझ्या ‘कुणीतरी’च्या जागी गाव त्यांचंच नाव घालेल.

तुझ्या पत्रांना पहिल्यापासून चिंचेचा वास येतो. कंपनीच्या स्टोअरमधल्या माणसाच्या हाताला चिंचेचा वास कशाला येईल? ‘दुकानात एका गिऱ्हाइकावर ओरडलो,’ असंही तूच लिहिलंस.

मी विचारलं ते परत विचारत नाही.

प्राजक्ता

*

पुणे,
२१ ऑक्टोबर २०२५

प्राजक्ता,

आज लक्ष्मीपूजन. दुकान बंद आहे, मी आतच आहे. इथेच राहतो. कंपनी वगैरे काही नाही. सकाळी आठ ते रात्री आठ पितळ घासतो, तेच माझं काम.

पोतं मी नेलं.

चार वेळा हे पत्र सुरू केलं आणि चारही वेळा आधी दुसऱ्याचं काहीतरी चुकलेलं लिहिलं. सरांचं, बाबांचं. ते सगळं फाडलं. बाबा म्हणाले एक पैसा नाही, मी म्हटलं बघतो, आणि माझा वाटा म्हणून माळ्यावरचं पोतं उचललं. मनात म्हटलं, वर्षभर काजळी खात पडलेलं असतं, कुणाला काय पडलंय त्याचं. गाडीच्या डिकीत टाकताना खणखणलं तेव्हा क्लीनर म्हणाला, लग्न आहे काय. मी हसलो.

जितेंद्रभाऊंनी विचारलं होतं, घरच्यांना विचारलंयस ना? मी म्हटलं, आईनेच पाठवलंय. हे मी शांतपणे म्हटलं. राग नव्हता त्या वेळी. रागात केलं म्हणून सांगायची सोयसुद्धा मला राहिली नाही.

त्याच पैशांतून शिक्का आला, बटण आलं. ते पुरणार नव्हते म्हणून पहिल्यापासून त्यांच्याकडेच कामाला राहिलो. त्यांच्याकडे पोत्यांवर पोती येतात, एकात एक अडकलेली काळी भांडी, कुठलं कुणाचं ते घासल्याशिवाय दिसत नाही. आमच्या गंगाळात तो डबा होता हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी आत बघितलंच नव्हतं. अक्षरं वर आली तेव्हाही ओळख पटली नाही. आईला मी आई म्हणतो, बाबा अगो म्हणतात, मामा ताई म्हणतात. सुगंधा हे नाव आमच्या घरात तिला मिळालेलं. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं. त्याआधी तिला काय म्हणायचे हे बावीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. आणि तुला लिहिलं, कसली माणसं असतील, लाज असते की नाही.

ते पत्र तुझ्याकडे असेल. जाळू नकोस. असू दे.

तुझे बाबा माझ्या खोलीवरची कौलं बदलत होते तेव्हा पोतं जाऊन दोन महिने झाले होते. झील परत इलो तर गळाक नको, म्हणाले ना ते.

जितेंद्रभाऊंना आज सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते, ती पुरी कातरून झाली. मग विकली न गेलेली भांडी त्यांनीच काढून बाजूला ठेवली. परात, दोन गडू, पळी. गंगाळ आणि समई गेली. समई कुठल्याशा हॉटेलच्या दारात आहे, तीत झाड लावलंय म्हणतात.

रविवारी पोचतोय. तुला काही बोलावं लागणार नाही. करंडा तू मागितला नव्हतास, नको म्हणून लिहिलं असताना मी पाठवला, हे मीच सांगेन. तुझं नाव त्याहून पुढे जाणार नाही.

विनीत

*

मिठबाव,
३ नोव्हेंबर २०२५

प्राजक्ता,

तुझ्याच गावातून तुला पत्र टाकतोय. समोर येऊन सांगण्याएवढं तोंड नाही. आज सकाळी देवळात तू नव्हतीस, पोस्ट उघडायची वेळ होती. महादूकाका घरी काही सांगतील असं वाटत नाही. म्हणून लिहितो.

घरी आलो त्या दिवशी बाबांना सांगितलं. मारतील असं वाटलं होतं. पायरीवर बसले होते. तिथून उठले आणि देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरांकडे गेले, देवळाचं विचारायला. माझ्याशी एकच वाक्य बोलले: “ज्या देवापुढे तो बोललो, थयच तुया बोलशीत.”

आई पोत्याशी बसली. परात बघितली नाही, समईचं विचारलं नाही.

“करंड्यावरचा नाव वाचलंस तू?”

“वाचलंय.”

“वाचलंस,” ती म्हणाली, “आणि तुका वाटला, आसात कोणतरी बाई.”

मग उठून चुलीवर भात वैरायला गेली. जेवताना मला वाढलं. उठायची हिंमत नव्हती, ताटातलं सगळं संपवलं.

आज देवळात तीसचाळीस माणसं होती. महादूकाका मागे, खांबाला टेकून. बोलावणं गेलं म्हणून आले होते, मान वर नव्हती. त्यांनी भादव्यात ठेवलेला नारळ अजून तिथेच होता, शेंडी सुकून गेली होती. गावकरांनी गाऱ्हाणं घालायला घेतलं.

“बा म्हाराजा, भादव्यात ह्या जाग्यार महादून नारळ ठेवलो.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“तेच्यार इलेलो बोल खोटो होतो.”

“व्हय म्हाराजा.”

“माल गुरुदासाच्या झिलान, विनीतान, आपल्या हातान नेलो. महादूच्या घरात वस्तू गेली ती तेनाच धाडली. चेडवाचो तेच्यात गुन्हो नाय.”

कुणी काही म्हणालं नाही. बाबा समोरच उभे होते, त्यांच्या तोंडावर कोण म्हणणार? गावकर थांबले. गाऱ्हाण्यात मध्येच असं थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गावाने होकार दिल्याशिवाय देवाकडे बोल पोचत नाही, आणि बोल पोचला नाही तर काकांचा पाय मोकळा होत नाही. माझं नाव तिथे हवेत लटकून राहिलं. मला वाटलं, मीच म्हणावं. पण चोराचा होकार कसला?

तेवढ्यात मागून आवाज आला, “व्हय म्हाराजा.” खांबाकडून.

ते काकांनी म्हटलं. माझ्या नावाला. मोठ्याने नाही, रोजच्यासारखं. त्यानंतर बाबांनी म्हटलं, आणि मग सगळ्यांनी.

नारळ माझ्या हातात दिला, मी फोडला. पहिली कवड, फुटलेला अर्धा नारळ, काकांपुढे धरली. त्यांनी कवड घेतली, माझ्याकडे बघितलं नाही. मंगेशकाका त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले, पंचाशी चाळा करत. काका त्यांना म्हणाले, “आता गावभर ह्यांय सांग रे. तुझे पाय बरे आसत.” लोक हसले. मी पण हसणार होतो. मग वाटलं, आपल्याला हसायला कुणी सांगितलंय.

तुझ्याकडे काही मागत नाही. माझ्या आधीच्या पत्रांत प्रत्येक वेळी काहीतरी मागितलेलं आहे, आज आठवून बघितलं.

आईने तो करंडा मला घासायला दिलाय. पुन्हा. का ते सांगितलं नाही.

विनीत

*

मिठबाव,
८ नोव्हेंबर २०२५

विनीत,

काल खिडकीवर पार्सल घेऊन आलास. मी वजन केलं, पावती दिली, तू मान वर केली नाहीस. पत्ता माझाच. माझंच पार्सल माझ्याच शिक्क्याने मी माझ्याकडे पोचतं केलं. असं ह्या पोस्टात पहिल्यांदाच झालं असेल.

पाठवणाऱ्याच्या जागी अक्षर तुझं होतं, नाव ‘तुळसा’ होतं.

आत करंडा, आणि तुझ्या आईच्या हातची चिठ्ठी. सहीसारखीच, वेळ घेऊन लिहिलेली. ‘बाय, एकदा दिलेली वस्तू परत घेत नाहीत. पण देणाऱ्याने आपली वस्तू द्यावी. ही माझी आहे.’

बाबांना दाखवली. त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. मग करंडा स्वतःच नेऊन देवाजवळ ठेवला. मला म्हणाले, “त्या दिवशी तू बोलाक नाय, बरा केलंस. बोल्लं असतंस तर माका खरा वाटला नसता.” महिन्यानंतर माझ्याशी बोलले.

तेव्हा करंडा मी घेतलाय. तुझ्याकडून नाही, तुळसाकाकीकडून. शिक्का आणि बटण ह्याच पाकिटात परत आहेत. खंड्या मला आवडला होता. पण तो कशातून आला ते कळल्यावर हातात धरवत नाही. ज्या दिवशी तुझ्या स्वतःच्या कमाईचं काही असेल त्या दिवशी बघू, आणि ते असलंच पाहिजे असंही नाही.

पत्र लिहू नकोस. दोन वाड्यांमधल्या माणसांना पत्र लागत नाही.

बाबा सोमवारी तुमच्या वाडीत येतायत. कोयता काढलाय, आज दुपारभर धार लावत होते. खाली नारळ वेचायला एक माणूस हवा म्हणाले. मी कुणाचं नाव सुचवलं नाही. त्यांनीच निरोप दिलाय, जसा दिला तसा लिहिते: “त्या झिलाक सांग, खाली उभो रव्हशीत तेव्हा वर बघान उभो रव्ह. नारळ कोणाचो झील म्हणान बघणा नाय.”

प्राजक्ता